पंधराच्या खणातले क्रिस्टल

दुकानावर पाटी नव्हती. होती ती एका वादळी दिवशी वाऱ्याने उतरवली, आणि परत चढवायची कुणाला गरज वाटली नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून विचारावं, "जुन्या रेडिओचे भाग कुठे मिळतील हो?" की समोरचा हातानेच दाखवणार, "वन्संकडे." नवखा गोंधळायचा. ही कुणाची वन्सं, आणि आपली कशी काय लागते? पण त्या दुकानात बसणारी धाकटी दिवसभर थोरलीला "वन्सं, हे बघा", "वन्सं, जेवून घ्या" अशा हाका मारी. थोरली तिच्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणून वन्सं. गिऱ्हाइकांनी ऐकलं आणि उचललं. आता पिकल्या मिशांचे इंजिनियरसुद्धा उंबऱ्यातून मान घालून "वन्सं आहेत का?" म्हणून विचारत. आणि वन्संची भावजय, ती सगळ्या बाजाराची वहिनी.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. तिन्ही भिंतींना गुडघ्यापासून छतापर्यंत लहान लहान खण, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. प्रत्येक खणावर चिठ्ठी, चिठ्ठीवर वन्संचं गोल, सावकाश अक्षर. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मोजायची यंत्रं, आणि टेबलाच्या एका कोपऱ्यात नेहमी एक उघडं पोतं. बंद पडलेले कारखाने, मोडीत निघालेली जहाजं, बदलून टाकलेले मनोरे, जिथे जिथे लिलाव पुकारला जाई तिथे तिथे वन्संचा भाऊ जाई आणि रेडिओंच्या पोटातला शिल्लक माल घेऊन येई. भाऊ पोत्याने आणायचा, बहीण दाण्यादाण्याने निवडायची.

आणि निवडणं म्हणजे तांदूळ निवडणं नव्हे. पोत्यातल्या निम्म्या वस्तूंच्या अंगावर नावच नसे. असलं तर बनवणाऱ्या कंपनीचा आपला घरगुती क्रमांक, ज्याचा अर्थ कंपनीबरोबरच बुडालेला. तू कोण, कुठल्या कंपनांवर जगतोस, किती वीज सोसतोस, हे त्या मुक्या वस्तूलाच विचारून घ्यावं लागे. वहिनी या घरात आली तेव्हा तिला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. ती काच कापणाऱ्याची लेक. तिला माप कळे, कड कळे. टेबलापाशी बसून ती वन्संचे हात बघत राही, आणि वाटे, नजरेचं पारणं फिटणं म्हणतात ते हेच असावं.

दोन जोडण्या घ्या, पितळेच्या, रुपेरी मुलाम्याच्या, जुळ्या बहिणींसारख्या. वन्सं त्यांच्या तोंडात एकदाच डोकावणार आणि दोन बाजूंना ठेवणार. "ही पन्नास ओहमची, रेडिओची. ही पंच्याहत्तरची, टीव्हीची. हिची मधली सुई बारीक असते. जाड सुई बळेच घुसवली की हिचं तोंड फाटतं, मग आयुष्यभर खरखर." एखादा तीन तोंडांचा जड ठोकळा आला की त्या खिशातलं होकायंत्र त्याच्या पाठीवरून फिरवत. काटा गर्रकन वळला की हसत. "आत लोहचुंबक आहे. हा दारवान हो. एका दाराने आलेल्याला पुढच्याच दाराने सोडणार, मागे फिरू देणार नाही." एकदा एक गिऱ्हाईक ताकदीच्या ट्रान्झिस्टरवरचा रंग खरवडून खालचं नाव वाचायला निघालं होतं. वन्संनी त्याचा कानस धरलेला हात वरच्या वर पकडला. "याच्या पांढऱ्या अंगाला कानस लावायची नाही. ती भुकटी छातीत गेली तर बाहेर येत नाही. नाव नाही कळलं तरी चालेल, आपण त्याला काम करायला लावून ओळखू." आणि ओळखलं. पंखा लावून, हळूहळू वीज वाढवत, गरम होतोय का ते तळव्याने अंदाजत, दुपारभर बसून.

त्यांचा एक नेम होता. मोजलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. म्हणून वन्संची चिठ्ठी म्हणजे दगडावरची रेघ. लांबलांबचे लोक यंत्राने पुन्हा न तपासता नुसत्या त्या अक्षरावर विसंबून माल नेत. वहिनी तर त्या अक्षराकडे अशी बघे, जसं लहान मूल आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आई घाबरली नाही ना, मग घाबरण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी सकाळी दार उघडून झाडू मारून होतोय तोच टॉवरवाला आला. समुद्राकडच्या टेकडीवर एक मनोरा आहे, त्याची देखभाल याच्याकडे. वर्षातून दोनचारदा यायचा, आला की निवांत बसायचा, वन्संच्या हातचा चहा हा जगातला सगळ्यात वाईट चहा आहे असं सांगत दोन कप प्यायचा. आज बसला नाही. रुमालाची गाठ सोडून त्याने नखाएवढी एक चपटी पत्र्याची डबी टेबलावर ठेवली.

"मेला," तो म्हणाला. "काल दुपारी. आतला दगड तडकलाय."

तो क्रिस्टल होता. पत्र्याच्या आत गारगोटीची पातळ चकती असते, तिला वीज दिली की ती ठरल्या वेगाने थरथरते, आणि त्या थरथरीवर सगळा रेडिओ आपला सूर लावून घेतो. क्रिस्टल गेला की रेडिओ बहिरा.

"काय लागतं?" वन्संनी विचारलं.

"छेचाळीस पॉइंट तीन पाच मेगाहर्ट्झ."

"आणि तोवर टेकडी बंद?"

"टेकडी बंद म्हणजे बेट बंद, वन्सं." टॉवरवाल्याने कपाळ पुसलं. "बेटावरून थेट बंदरापर्यंत आवाज पोचत नाही. माझा मनोरा ऐकतो आणि पुढे सांगतो. आता तोच ऐकत नाही. आणि तिथे आमची ताई आहे."

त्याची ताई बेटावर नर्स होती, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. भावाला उठताबसता टोमणे मारणारी, आणि त्याने मनोऱ्यावर चढताना पट्टा बांधला की नाही हे रोज रेडिओवरून विचारणारी.

"तिच्याकडे एक बाई आहे. जुळं आहे, दिवस भरलेत. ताई परवा म्हणाली, कळा सुरू झाल्या की हाक मारते, डॉक्टरीणबाईंची बोट लगेच निघू दे, हे माझ्या एकटीच्या हातचं नाही. आता ती हाक मारत असेल किंवा नसेल. मला काय कळणार?"

"बोट अशीच पाठवता येत नाही?" वहिनीने विचारलं.

"डॉक्टर एक, बोट एक, बेटं तीन. आज सकाळीच तिसऱ्या बेटावरून ताप घेऊन माणसं आलीत. नुसत्या अंदाजाने निघून गेल्या आणि इकडे काही झालं तर? त्या म्हणतात, हाक येऊ दे, मी पायात चप्पल घालूनच बसलेय."

वन्सं तोवर शिडीवर चढल्या होत्या. छेचाळीसचा खण काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि एकेक डबी उचलून बाजूला ठेवू लागल्या. छेचाळीस पॉइंट एक. छेचाळीस पॉइंट पाच. पॉइंट सहा दोन. काम करताना गुणगुणायची त्यांची सवय होती, स्वतःच जुळवलेलं काहीतरी, जात्याच्या घरघरीसारख्या चालीत:

"दगडाच्या गं पोटी, सूर कोणी निजविला
ज्याने कान लावियेला, त्याच्यापाशी गं बोलला."

दुसऱ्या ओळीनंतर गुणगुणणं थांबलं. खण रिकामा झाला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तीन पाच नाही."

"पॉइंट एकवाला ओढूनताणून?" वहिनी म्हणाली.

"ओढून किती ओढणार? केसभर सरकतो तो, हातभर नाही," टॉवरवाला म्हणाला. "आणि सरकलाच तर बेटाऐवजी मासेमारीच्या चॅनेलवर जाऊन बसेल. माझी ताई ओरडतेय आणि मला कोळंबीचा भाव ऐकू येतोय."

कुणी फारसं हसलं नाही. वन्संनी खाली उतरून दुसऱ्या दोन खणांत पाहिलं, शिवाय नव्या पोत्यात हात घालून चाळलं. नवा क्रिस्टल बनवून घ्यायचा तर महिना मोडणार. टॉवरवाल्याने रुमाल पुन्हा बांधायला घेतला. नदीपलीकडच्या भंगारबाजारात एकदा पाहतो म्हणाला. जायला यायला दिवस जाईल, पण हातावर हात धरून कसं बसायचं?

वहिनीने तो मेलेला क्रिस्टल उचलला होता. पत्र्यावरची अक्षरं घासून घासून गेली होती, त्यातून काही वाचता येत नव्हतं. पण अंगठ्याने उलटा केला तर बुडाशी, दोन तारांच्या मधे, एक हिरवा ठिपका होता. मोहरीएवढा. रंग थोडा ओघळलेला.

हा ठिपका तिने पाहिला होता.

कुठे, ते आठवायला तिला फार वेळ लागला नाही. खण पुसायचं काम तिचंच. डाव्या भिंतीला, खालून तिसऱ्या ओळीत, पंधराचा खण. त्यात हिरव्या ठिपक्याच्या डब्या होत्या, मूठभर. पुसताना दरवेळी चिठ्ठीवरचा आकडा तिच्या डोळ्यांत खुपायचा: पंधरा पॉइंट चार तीन सात. काचवाल्याच्या लेकीला असलं माप विचित्र वाटे. मुद्दाम कोण असला वाकडा तुकडा मागेल? हा तर दुसरंच काही कापताना उरल्यासारखा आकडा. पण वन्संनी लिहिलंय म्हणजे तेच असणार, असं म्हणून ती खण परत ढकलून देई.

आता उभ्या उभ्या तिने मनात तिप्पट केली. क्रिस्टल आपल्या मूळ सुराच्या वर, तिपटीच्या सुरातही थरथरू शकतो, हे तिला वन्संनीच शिकवलं होतं. काही क्रिस्टल त्या वरच्या सुरासाठीच घडवलेले असतात. पंधरा पॉइंट चार तीन सात त्रिक... छेचाळीस पॉइंट तीन एक एक.

तीन पाच नव्हे. एकोणचाळीस किलोहर्ट्झ कमी. जवळ आलं, पण जुळलं नाही. आणि जुळलं असतं तरी त्याचा अर्थ काय होता? वन्संनी त्या मूठभर डब्यांवर चुकीचा सूर लिहिला, असा. वन्संनी. ज्यांच्या अक्षरावर लोक समुद्रात जहाजं नेतात.

तिला गिऱ्हाइकासमोर हे तोंडातून काढायचं धाडस होईना. उगाच शहाणपणा केला आणि खोटं ठरलं तर लाज आपली. खरं ठरलं तर? ते तर त्याहून अवघड. ज्या झाडाखाली इतकी वर्षं बसलो त्याच्या बुंध्यावर टकटक करून पोकळ आहे का पाहायचं.

टॉवरवाला उंबऱ्यात पोचला होता. "येतो वन्सं," तो म्हणाला. "काही सापडलं तर बंदरावर निरोप द्या."

बेटावरची ती बाई वहिनीने कधी पाहिली नव्हती. पण त्या क्षणी तिला ती दिसली, खाटेच्या कडा धरून बसलेली, आणि मुक्या यंत्रात पुन्हा पुन्हा हाका मारणारी नर्स.

"वन्सं," ती म्हणाली. "पंधराच्या खणात हिरव्या ठिपक्याचे आहेत."

"आहेत. ते पंधराचे आहेत."

"हो. पण..."

"पण काय? बोल की. अर्धं गिळू नकोस, घशात अडकेल."

"ते पंधराचे नसतील," वहिनी म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "म्हणजे तुम्ही मोजलेत ते बरोबरच. पण त्यांचं काम वरच्या सुरातलं असेल. तिपटीच्या."

टॉवरवाला एक पाय बाहेर, एक आत, तसाच उभा. वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. त्या रागावल्यात की काय हे वहिनीला कळेना.

"तिप्पट करून पाहिलीस?"

"पाहिली. म्हणून तर बोलत नव्हते. एकोणचाळीस कमी भरतात."

"कमी," वन्सं म्हणाल्या. आणि मग हळूच, जसं कुणी अंधारात भिंत चाचपताना खटका हाताला लागावा, "कमीच भरणार गं. कमीच भरायला हवेत. वरचा सूर मूळ सुराच्या बरोब्बर तिप्पट कधीच बसत नाही. थोडा चढाच लागतो. तो बरोबर तिप्पट आला असता तर मी म्हटलं असतं, योगायोग. आण तो खण."

वहिनी खण आणायला धावली. जे तिला आपल्या म्हणण्याचं खोटेपण वाटलं होतं, तेच खरेपणाची खूण निघालं होतं. तिला हसू येत होतं.

टेबलावर तपासणीचे दोन डबे होते. एक साधा. त्यात कुठलाही क्रिस्टल खोचला की तो आपल्या खालच्या, सोप्या सुरात बोलायला लागे. दुसऱ्यात तांब्याच्या तारेची एक गुंडाळी होती. ती खालच्या सुराला दाबून धरी आणि वरच्याला वाट करून देई. वन्संनी पहिली डबी या दुसऱ्या डब्यात खोचली. सूर मोजणाऱ्या काउंटरवर नुसती शून्यं.

टॉवरवाल्याने श्वास सोडला.

"थांबा. आत्ता तर विचारलंय, उत्तर द्यायला वेळ द्या." वन्संनी प्लास्टिकचा पेचकस घेतला, लोखंडाचा नुसता जवळ आला तरी सूर बिघडतो म्हणून, आणि गुंडाळीच्या पोटातला स्क्रू अगदी पाव पाव वळणाने फिरवू लागल्या. शून्यं. पुन्हा शून्यं. मग आकडे एकदम उधळले, पाखरांचा थवा उठावा तसे, वर, खाली, वर. वन्संचा हात थांबला. एक केसभर मागे आला. आकडे एकेक करून फांदीवर बसले.

छेचाळीस पॉइंट तीन पाच शून्य.

टॉवरवाला वाकून त्या आकड्यांकडे असा बघत होता जसं घरचं माणूस गाडीतून उतरताना दिसावं.

"हे मोजले तेव्हा हा गुंडाळीचा डबा नव्हता आपल्याकडे," वन्सं म्हणाल्या. आवाजात ना ओशाळलेपण ना सारवासारव. नुसतं कुतूहल. "एकच डबा होता, साधा. त्यात प्रत्येकजण खालच्या सुरातच बोलायचा. मी मोजलं ते लिहिलं. मोजलं ते खरंच होतं. पण ते माझ्या डब्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. तुझं खरं काम काय, हे मी त्यांना विचारलंच नाही." त्यांनी मान वर करून वहिनीकडे पाहिलं. "आणि तू हे कधीपासून मनात धरून बसली होतीस?"

"धरून नव्हते बसले. आकडा वाकडा वाटायचा, एवढंच."

"वाकडा वाटायचा आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही लिहिला होतात."

"म्हणून काय झालं? माझं अक्षर चांगलं आहे, बाई. त्याचा आणि क्रिस्टलचा काय संबंध?"

टॉवरवाला खो खो हसला. वहिनीही हसली. पण तिला जाणवत होतं की आपण जिला घाबरत होतो ती गोष्ट घडून गेली आणि काहीही पडलं नाही, कुठे तडा गेला नाही. उलट वन्संचा चेहरा असा दिसत होता जसं कुणाला इतकी वर्षं राहत्या घरात एक खोली नव्याने सापडावी. वहिनीने आजवर त्यांच्या हातांचं कौतुक केलं होतं, नजरेचं केलं होतं. आता तिला वाटलं, खरं पाहायचं ते हे होतं. चूक हातात आली की ती वस्तूसारखी उलटून पाहायची, हिरवा ठिपका कुठे आहे ते शोधायचं.

मग वन्संनी मूठभर डब्यांतून निवड केली. प्रत्येक डबी गुंडाळीच्या डब्यात खोचायची, पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारायची, आकडा हलतो का पाहायचा. मुठीत धरून ऊब द्यायची, पुन्हा पाहायचं. "टेकडीवर दुपारी पत्रा तापतो. तापल्यावर जो सूर सोडेल तो नको." टॉवरवाला घड्याळाकडे बघत होता, पण घाई करा असं म्हणाला नाही. त्याला या कामातलं कळत होतं. वन्सं गरम-गार करत होत्या तोवर त्याने स्वतःच एक वेगळी काढलेली डबी उचलून तारेचं मूळ निरखलं आणि म्हणाला, "ही नको. हिच्या तारेभोवतीच्या काचेला चीर आहे, खाऱ्या हवेत सहा महिने टिकणार नाही."

"बघू?" वन्संनी भिंगातून पाहिलं. "आहे खरी. माझ्या नजरेतून सुटली. बरे डोळे आहेत तुझे."

"रोज वरून समुद्र बघतो ना."

दोन निवडले, एक बसवायला, एक जोडीला. टॉवरवाल्याने ते शर्टाच्या खिशात घालून वर हात ठेवला. खिशावर हात तसाच ठेवून तो गल्लीतून धावत गेला. वन्संनी त्याच्या मागे जाऊन एवढंच सांगितलं, "बसवल्यावर गुंडाळी पुन्हा लाव. लगेच नाही बोलला तर मेलाय म्हणून काढू नकोस."

तो गेल्यावर वन्संनी पंधराच्या खणावरची चिठ्ठी काढली. वहिनीला वाटलं, फाडणार. त्यांनी फाडली नाही. जुन्या आकड्याखाली नवा लिहिला आणि दोघांच्या शेजारी बारीक अक्षरात कुठल्या डब्यात काय मोजलं ते. "दोन्ही सूर त्याचेच आहेत," म्हणाल्या. "एक अंगचा, एक कामाचा."

आणि मग कंबरेला पदर खोचून त्या डाव्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. खालपासून वरपर्यंत, गुंडाळीचा डबा येण्याआधी तपासलेले सगळे खण याच भिंतीत होते.

"सगळे?" वहिनी म्हणाली.

"मग? पंधराला न्याय आणि बाराला अन्याय? काढ."

बसल्या दोघी. एक खोचणार, एक फिरवणार. मधल्या कपाटावर एक जुना रिसीव्हर होता, तो वहिनीने बेटाच्या चॅनेलवर लावून ठेवला. टेकडी बोलू लागली की इथे ऐकू येणार. आता त्यातून नुसता सळसळाट येत होता, वाळूवर वाळू घासल्यासारखा. जेवण झालं की नाही कळलं नाही. वहिनीचे कान तिकडे आणि हात इकडे. बाराचे खरंच बाराचे निघाले. तेराचे तेराचे. चौदाच्या खणात दोन वरच्या सुराचे सापडले तेव्हा वन्सं एवढ्या खूश झाल्या की वहिनी म्हणाली, "दुसऱ्या कुणाची चूक सापडली असती तर एवढ्या खूश झाल्या असतात का?"

"नाही. दुसऱ्याच्या चुकीत माझा जीव नाही ना."

ऊन खिडकीतून सरकत टेबलाच्या कडेला आलं. सळसळ तशीच. वहिनी एकदा म्हणाली, "नसेल बसला." वन्संच्या हातातला पेचकस जागीच थांबला. क्रिस्टल खरा होता, हे दोघींना माहीत होतं. पण टेकडी उंच, यंत्र जुनं, आणि आत आणखी काय काय जळलं असेल ते इथून मोजता येत नव्हतं.

आणि मग सळसळ तुटली. कुणी पडदा ओढावा तशी एकदम शांतता, आणि शांततेत टॉवरवाल्याचा धापा टाकणारा आवाज. "बेट, बेट. टेकडी बोलतेय. ताई, ऐकू येतंय का?"

काही नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. वहिनीने टेबलाची कड धरली.

"येतंय." बाईचा आवाज, घोगरा, थकलेला, पण इतका स्वच्छ की जणू शेजारच्या खोलीतून. "काल संध्याकाळपासून घसा फोडतेय मी. कुठे उलथला होतास? ते राहू दे. पहाटेपासून कळा आहेत, दुसरं बाळ आडवं आहे. बोट पाठव. आत्ता."

तो काही बोलायच्या आत तिसरा आवाज आला, बंदरावरून. डॉक्टरीणबाई. "ऐकलं मी. निघाले. तिला डाव्या कुशीवर ठेव आणि रेडिओपासून हलू नकोस, वाटेत सांगत जा."

मग इंजिनाची घरघर, मधूनमधून नर्सचे शब्द, मधूनमधून डॉक्टरांचे. श्वास कसा आहे, पाणी किती, हात कुठे लागतो. शब्द समुद्रावरून टेकडीवर चढत होते, त्या नखाएवढ्या डबीशी थांबून सूर लावून घेत होते आणि पलीकडे उतरत होते. वहिनी रिसीव्हरपाशी उभी होती. वन्संनी उठून आवाजाचं बटण थोडं कमी केलं, डोळे मिटून ऐकलं.

"सरकत नाहीये," त्या पुटपुटल्या. "पत्रा तापलाय, तरी सरकत नाहीये."

बोट पोचल्यावर रेडिओ पुन्हा गप्प झाला, पण ही गप्प राहण्याची रीत वेगळी होती. दोघी कामाला बसल्या. सतराचा खण झाला, अठराचा अर्धा झाला. खिडकीतलं ऊन केशरी होऊन भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर चढलं, तेव्हा नर्सचा आवाज आला.

"ए मनोऱ्या. आहेस का?"

"आहे. इथेच आहे. खाली उतरलोच नाही."

"दोन्ही मुली. आई बरी आहे. दमलीय. ऐक."

आणि त्या जुन्या रिसीव्हरमधून रडणं आलं. आधी एक, बारीक, मग त्याच्यावर चढलेलं दुसरं, किंचित वरच्या पट्टीतलं. वहिनीने तोंडावर हात धरला.

"ताई, जरा लांब धर," टॉवरवाला म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज काही ठीक नव्हता. "माईक फाटेल."

"फाटू दे. तूच दुरुस्त करशील. आणि उतरताना पट्टा बांध."

वन्सं हसल्या, चष्म्याखालून डोळे पुसले, आणि खण पुढे ओढला. वहिनीने पुढची डबी उचलून डब्यात खोचली. चिठ्ठीवर अठरा पॉइंट दोन होतं. काउंटरवर आकडे उधळले, आणि कुठे बसतात ते पाहायला दोघी एकदमच वाकल्या.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "हाही तुम्ही चुकीचा लिहिलाय."

"मोठ्याने बोल जरा," वन्सं म्हणाल्या. "बाळं रडतायत, मला ऐकू नाही आलं."

"चुकीचा लिहिलाय म्हटलं."

"मग बघतेस काय? सांग आकडा."